कलापथकातील नवखे

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले की हाती खराटा आणि टिकाव येतो, अशी आपल्या महाविद्यालयात सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु आमच्या एककात कलापथक नावाची आणखी एक शाखा आहे आणि तिच्याविषयी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना फारच थोडे ठाऊक असते. मी गेल्या वर्षी तिच्यात दाखल झालो. यंदा द्वितीय वर्षात आल्यावर नव्यांना शिकविण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा या पथकात नवख्याला काय करावे लागते आणि आत आल्यावर त्याचे काय होते, हे थोडक्यात सांगावे असे वाटले.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या एका निवासी शिबिरात राहावे, असा तिचा नियम आहे. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचे चाक असते. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवक चोवीस तास तयार हवा. (सकाळी साडेसहाला मैदानावर किती जण तयार असतात, हे मी येथे लिहीत नाही!) योगायोग असा की महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो दिवसही २४ सप्टेंबरच, साल १८७३. आणि कलापथकाचे मूळ शोधू गेले तर ते त्या समाजाच्या चळवळीतून निघालेल्या जलशांपर्यंत जाते. तमाशाचाच बाज घ्यायचा, पण गण-गौळणीच्या जागी शिक्षण, सावकारी, जातिभेद हे विषय आणायचे, ही त्या जलशांची रीत. पुढे आंबेडकरी जलसे झाले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे कलापथक नावाजले; निळू फुल्यांसारखा नट त्यातच घडला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि त्यांची शाहिरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव पोचली.

परदेशातही असे काही असते काय, असे मला एका प्राध्यापकांनी विचारले होते. अमेरिकेत ओक्लाहोमा येथील एका कृषी महाविद्यालयात १९१९ साली 'कप्पा कप्पा साय' नावाचा विद्यार्थ्यांचा बंधुसंघ निघाला. महाविद्यालयाच्या बँडची सेवा करणे, हे त्याचे काम. म्हणजे तेथे विद्यार्थी वाद्यवृंदाची सेवा करतात. आपल्याकडे वाद्यवृंदानेच गावाची सेवा करावी अशी अपेक्षा असते. नवख्याची धडधड मात्र दोन्हीकडे सारखीच असावी.

आमच्या पथकात आवाजाची परीक्षा होत नाही. 'मला गाता येत नाही' असे सांगून सुटू पाहणाऱ्याला 'मग झांज धर' असे उत्तर मिळते. नियम एकच. पहिला महिनाभर प्रत्येकाने प्रत्येक वाद्य हाताळायचे, पेटी, ढोलकी, तुणतुणे, झांज आणि हलगी; आणि तालमीनंतर खोली झाडायची पाळी जुन्यांनाही चुकत नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, परंतु जुन्यांच्याही हाती झाडू दिला की कायद्याची आठवण करून द्यावी लागत नाही, असे माझे मत आहे.

सर्वांत कठीण पाळी हलगीची. लोखंडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून बसविलेले असते. पावसाळी हवेत ते सैल पडते आणि आवाज भदभद येतो. म्हणून पाचट किंवा कागद पेटवून त्या धगीवर हलगी शेकावी लागते. जवळ धरली तर कातडे करपते, लांब धरली तर तापत नाही. बोटाने टिचकी मारून पाहायचे. आवाज टणटणीत झाला की छातीशी धरायची. डाव्या हातात बारीक काडी, उजव्या हातात जाड टिपरू. काडी सतत बोलत राहते आणि टिपरू नेमका ठोका टाकते. नवख्याच्या हातून पहिले आठ दिवस दोन्ही एकदमच पडतात. हल्ली शेकावी न लागणारी फायबरच्या पानाची हलगीही मिळते. ती सोयीची आहे, पण मला तिचा आवाज डब्यासारखा वाटतो.

मात्र हलगी कठीण आहे ती केवळ हातांना नव्हे. गेल्या वर्षी माझ्याबरोबर वारकरी घरातला एक मित्र दाखल झाला. तो लहानपणापासून मृदंग वाजवितो. हलगीची पाळी आली की त्याला नेमके घरी काम निघे. दोन पाळ्या अशाच गेल्या. मग एका जुन्या कार्यकर्त्याने त्याला शांतपणे विचारले, "तुझ्या मृदंगाच्या तोंडाला काय लावलंय रे?" तो म्हणाला, "कातडंच." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. मृदंगाला गवसणी शिवतात, त्याच्या पाया पडतात. हलगी खुंटीवर टांगतात. कातडे दोन्हीकडे तेच. तिसऱ्या पाळीला तो आला आणि आज आमच्यात त्याच्याइतका सफाईचा हात कोणाचा नाही.

माझी अडचण उलटी होती. मी मातंग समाजातला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, परंतु हलगी पिढ्यान्‌पिढ्या होती. आजोबा गावाच्या जत्रेत वाजवीत, लग्नात वाजवीत आणि कोणी मेले तर अंत्ययात्रेच्या पुढेही वाजवीत. मोबदला म्हणून सुगीला पदरात पडेल ते धान्य. बोलावणे आले की जावेच लागे. ताप असला तरी. वडिलांनी ऐन तारुण्यात ते काम बंद केले. त्यावरून गावात बरेच दिवस बोलाचाली चालली होती, असे आईकडून ऐकले आहे. आमच्या घरात त्यानंतर हलगी नाही.

त्यामुळे पथकात हलगीची पाळी माझ्यावर आली तेव्हा सगळ्यांना वाटले की याला शिकवायची गरज नाही. मला शिकवायची गरज होती! मी मृदंगवाल्या मित्राइतकाच कोरा होतो. 'हे तुमच्या रक्तातच असते' असे एक जण कौतुकाने म्हणाला. तो चांगला मुलगा आहे, पण ते वाक्य मला अजून टोचते. रक्तात असते तर मग त्यासाठी महिनाभर बोटे कशाला सोलून घ्यावी लागली असती?

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी सांगितले. आई-वडील ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत होते. वडील बराच वेळ कोयत्याला धार लावीत राहिले. मग म्हणाले, "कालेजात धाडलं अन् हातात हलगीच आली कामून?" मी त्यांना सांगितले की तेथे पाटलाचा मुलगाही वाजवितो, वाण्याचा मुलगाही वाजवितो आणि माझ्याकडे पेटीही असते. त्यावर ते एवढेच बोलले, "वाजव. पण कुणाच्या दारात उभा राहून वाजवू नको." हे मी पथकात जसेच्या तसे सांगितले. पूर्वी आमचे पथक कार्यक्रमाची वर्दी देताना दारोदार हलगी वाजवीत फिरत असे. आता शाळेच्या पटांगणातच वाजवितात आणि लोक तेथे येतात.

नवख्याची खरी परीक्षा हिवाळी शिबिरात होते. दत्तक गावात दिवसा श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री कलापथक. गेल्या वर्षी आमचे पथनाट्य मुलींच्या घटत्या संख्येवर होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या. महाराष्ट्रात हा आकडा सर्वांत कमी होता. त्यात मुख्य भूमिका करणारी आमची मैत्रीण शिबिराला येऊ शकेल की नाही, याचीच शंका होती. मुलीने सात रात्री बाहेर राहायचे, हे तिच्या घरी पटत नव्हते. प्राध्यापिका बाई स्वतः तिच्या घरी जाऊन आल्या, तेव्हा परवानगी मिळाली. तीही 'रोज संध्याकाळी फोन करायचा' या अटीवर. रंगीत तालमीला तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नव्हता. प्रयोगाला गेला.

परंतु समोर होते कोण? म्हातारी माणसे आणि लहान मुले. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचे नाही. गावे मार्च-एप्रिलपर्यंत निम्मी रिकामी असतात. प्रयोग संपल्यावर एक आजीबाई मला म्हणाल्या, "लेकरा, चांगलं केलं. पण ज्यांना सांगायचं ते कारखान्याला गेलेत." त्यांचे म्हणणे बिनचूक होते. माझे स्वतःचे आई-वडील त्या रात्री सांगली जिल्ह्यात एका फडाशेजारच्या कोपीत झोपले होते.

तेव्हापासून पथकात वाद चालू आहे. माणसे परततात एप्रिलमध्ये आणि आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा त्याच सुमारास येतात. एप्रिलचा प्रयोग ठेवला तर अभ्यास बुडतो. न ठेवला तर रिकाम्या गावाला पथनाट्य दाखवावे लागते. तालमीचे तास २४० मध्ये धरावेत की नाही, हाही प्रश्न अजून सुटलेला नाही. कार्यक्रम अधिकारी सर म्हणतात, धरू नयेत. मला वाटते निम्मे तरी धरावेत. सरांनी हा लेख वाचला तर पुन्हा चर्चा होईल.

यंदा पथकात अकरा नवे आले, त्यांत चार मुली आहेत. त्यांपैकी एकीने स्वतःहून हलगी मागून घेतली. तालीम बुधवारी आणि शनिवारी तास संपल्यावर जिमखान्यामागच्या खोलीत असते. मोठ्या हलगीचे कातडे कडेला फाटले आहे. ते बदलून आणायचे आहे, आणि एप्रिलमधल्या एका रविवारी दत्तक गावात प्रयोग करायचा असे तूर्त ठरले आहे. ज्यांचा पेपर सोमवारी नाही, त्यांनी नावे द्यावीत.