टेपचे दोन वेढे

पहिला वेढा गळ्याभोवती, कंठमण्याच्या लगेच खाली. दुसरा पोटावर बेंबीच्या रेषेत, जमिनीला समांतर. हात सैल सोडलेले, श्वास सहज सोडून झालेला. कमरेच्या घेरातून गळ्याचा घेर वजा करायचा आणि उरलेला आकडा उंचीबरोबर सूत्रात घालायचा. स्त्रियांचा नितंबांचा घेरही धरतात. अंगातली चरबी मोजण्याची ही सूत्रं हॉजडन आणि बेकेट यांनी सॅन डिएगोच्या नौदल आरोग्य संशोधन केंद्रात १९८४ मध्ये अमेरिकी नौदलासाठी बसवली.

भाच्याचं माप घेताना हे काम किती नाजूक आहे ते कळलं. उंची १७० सेंटिमीटर, गळा ३८, कंबर ९०, म्हणजे चरबी जवळपास २२ टक्के. बरीच वर्षं अमेरिकी नौदलात पुरुषांसाठी मर्यादा हीच होती. त्यानं पोट जरासं आत घेतलं आणि कंबर ८८ भरली. झाले २० टक्के! टेप पाठीमागे तिरकी होऊन ९२ भरली असती तर २३. म्हणून माप घेणाऱ्यानं खलाशाभोवती फिरून टेप बघायलाच हवी. गळ्याचं माप अर्ध्या इंचापर्यंत वर न्यायचं आणि कमरेचं खाली आणायचं, हा नियम खलाशाच्या बाजूचा आहे; मला तो रास्त वाटतो.

गळा वजा करायचा, कारण जाड मानेचा माणूस बहुधा अंगानंच भरलेला असतो. त्याच्या कमरेचा सगळा घेर चरबीचा नसतो. नुसता वजनकाटा इथे फसतो, हे नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी आधीच दाखवलं होतं. त्यांचं काम समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांशी निगडित. दाबाखाली शरीरात मुरणारा नायट्रोजन पाण्यापेक्षा चरबीत सुमारे पाचपट विरघळतो आणि घाईनं वर येताना त्याचे बुडबुडे होतात, त्यामुळे चरबी किती हा बुडी मारणाऱ्यांसाठी जिवाचा प्रश्न होता. १९४२ मध्ये बेंके आणि वेल्हॅम यांनी अमेरिकन फुटबॉलच्या २५ व्यावसायिक खेळाडूंची चरबी त्यांना पाण्याखाली तोलून मोजली. उंची-वजनाच्या तक्त्यानुसार त्यातले १७ जण लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात ते वजन मुख्यतः स्नायूंचं होतं.

जहाजावर पाण्याचा हौद नेता येत नाही, टेप खिशात मावते. पण तिच्या सूत्रात साडेतीन टक्क्यांच्या आसपास चूक राहते. मर्यादेच्या एखाद-दुसरा टक्का पुढे गेलेल्या खलाशाची बढती अडवण्याआधी त्याला किनाऱ्यावर एकदा पाण्यात तोलायला हवं.