अठ्ठावीस इंचीचा माल

सकाळी साडेसात. शटर अर्धं वर जाईपर्यंत शाळेची पोरं पंपाभोवती जमलेली असतात. हवेचे पैसे मी घेत नाही. त्या निमित्ताने गावातली प्रत्येक सायकल एकदा हाताखालून जाते. कुणाची चेन लोंबतेय, कुणाच्या टायरचा धागा दिसायला लागलाय, महिन्याभरात कोण दारात येणार, हे हवा भरतानाच कळतं. कोल्हारात, भर नगर-मनमाड रस्त्यावर दुकान असलं तरी पंक्चरची कमाई मोटरसायकलवाल्यांकडे गेली. माझं घर चालतं ते जुन्या सायकली घेऊन, सोडवून, सुटे भाग विकण्यावर.

साडेआठला पोरं पांगतात. काल घेतलेली सायकल मग उलटी करून सोडवायला घेतो. पहिला शत्रू कॉटर पिन. वर्षानुवर्षं पाणी पिऊन ती क्रँकमध्ये अशी बसलेली असते की नट काढून हातोडा मारला तर वाकते, नाही मारला तर हलत नाही. तेल सोडून रात्रभर ठेवायची, क्रँकखाली जाड पाइपाचा टेकू द्यायचा आणि एकच ठोका जोरात मारायचा. दहा हलके ठोके मारणाऱ्याची पिन मुंडी टाकते आणि मग ड्रिल लागतं. माझ्याकडे काम शिकायला आलेली दोन पोरं याच पिनेला कंटाळून मोबाइल दुरुस्तीकडे गेली.

सगळं घमेल्यात डिझेलने धुतो. छर्रे सरळ फेकायचे. ते स्वस्त असतात, नवेच टाकावेत. कोन आणि कप मात्र नखाने तपासायचे. नख कुठे अडलं तर तिथे खड्डा पडलाय, माल बाद. हब चांगले निघाले तर तारांसकट चाक विकायचं. पुढे 32 तारा, मागे 40, हे अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीचं जुनं विलायती माप लुधियानाच्या कारखान्यांनी तसंच पुढे चालवलं. म्हणूनच हा धंदा टिकून आहे. अ‍ॅटलासने 3 जून 2020 रोजी साहिबाबादचा कारखाना बंद केला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. पण अ‍ॅटलासच्या सायकलीला हिरोचा एक्सल बसतो, हर्क्युलिसला अ‍ॅव्हॉनचा कप बसतो. कंपनी मेली तरी सायकल चालू राहते.

दहाच्या सुमारास एक बाबा सायकल ढकलत आले. साखर कारखान्यावर होते, प्रवरानगरला. तिन्ही पाळ्या याच सायकलीवर केलेल्या. मुलाने बांधून ठेवलेला डायनामो अजून चिमट्याला लटकत होता.

“काय देता मिस्त्री?”

“बाबा, तुम्ही सांगा.”

“भंगारवाला किलोवर मागतोय.”

“मग त्याला देऊ नका. पण कागद आहे का?”

कागद कुठून असणार. माझा नियम असा, की फ्रेमचा नंबर, देणाऱ्याचं नाव आणि आधारची झेरॉक्स वहीत लागल्याशिवाय रुपया द्यायचा नाही. चोरीची सायकल एकदा दुकानात सापडली की गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. बाबांनी झेरॉक्स आणून दिली, भंगारापेक्षा जास्त पैसे घेतले आणि डायनामो तेवढा परत मागून नेला. सोडवून दिला.

अशा सायकली आमच्या भागात बऱ्याच आहेत. भंडारदऱ्याचं पाणी पाटाला आलं, पाटामुळे ऊस आला, उसामुळे कारखाना आला. पाटकरी, मुकादम, पाळीवाले सगळे सायकलीवर. ऊसतोडीची माणसं दिवाळीनंतर जुनी सायकल घेतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की मलाच विकून गावी जातात. काही सायकली माझ्याकडून तीन-तीन हंगाम गेल्या-आल्या आहेत.

साडेअकराला पुण्याच्या एका पोराचा फोन. गेल्या वर्षी शिर्डीला सायकलवर जाताना दुकानाशी थांबला होता, तेव्हापासून ओळख. त्याला फिक्स करायचीय. फिक्स म्हणजे फ्रीव्हील नसलेली सायकल. मागची दातरी हबवर घट्ट, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, उतारावर पाय थांबवून वारा खायची सोय नाही. बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर याच सायकली पळतात, त्यांना तर ब्रेकही नसतो. जपानात 1948 पासून अशाच सायकलींच्या केरिन शर्यती होतात, त्यावर लोक पैसे लावतात. तिथे एनजेएसचा शिक्का असलेलेच भाग चालतात, आणि खेळाडूंनी वापरून काढलेला तो माल जगभर जुन्यात विकला जातो. शिक्क्याचे पैसे वेगळे.

या पोराला मात्र आपली काळी अठ्ठावीस इंची फ्रेमच हवी आणि त्याचं बरोबर आहे. तिची मागची खाच आडवी असते. चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. गिअरच्या सायकलीची खाच बहुधा उभी, चेनचा ताण गिअर बदलणारा डिरेलर सांभाळतो, आणि फिक्सला डिरेलर चालत नाही. शिवाय जाड चेन, अर्धा बाय एक अष्टमांशची, दोन्हीकडे तीच.

“काका, 48 ला 16 लावू?”

“लाव, आणि टायरचे पैसे बाजूला काढून ठेव.”

48 भागिले 16 म्हणजे नेमके तीन. पाय रोखून चाक घसरवत थांबलं की टायर दर वेळी त्याच एका जागी घासतं. मागे 17 दात घेतले तर तीच झीज सतरा जागी वाटली जाते. जुनं 44 चं चेनव्हील 18 वर लावलं तरी नऊ जागा मिळतात.

आता खरी गोम. साध्या हबवर फ्रीव्हील काढून दातरी बसवली की ती पुढे पायडल मारताना आवळते आणि उलटं दाबलं की सुटू पाहते. पोरं त्यावर बीबीची, म्हणजे क्रँकच्या कपाची, लॉकरिंग आवळतात. आटे जुळतात, कारण माप एकच. पण आटेही त्याच दिशेचे, त्यामुळे दातरी सुटली की रिंगही तिच्याबरोबर सुटते. खऱ्या ट्रॅक हबला लॉकरिंगचे आटे उलटे असतात, म्हणून ती धरून ठेवते. तो हब रुंद असतो, फ्रेम थोडी फाकवावी लागते. स्टील ते सोसतं.

ब्रेकचं दुखणं वेगळं. आपला दांड्याचा ब्रेक रिमला आतून, हबच्या बाजूने दाबतो. बारीक 700 चं चाक घातलं की तो निकामी होतो. चिमट्याला भोक पाडून लांब हाताचा कॅलिपर लावावा लागतो. पोराला हा खर्च नको होता. “पायाने थांबते ना काका!” चेन उतरली तर पाय काय करणार? चिमट्यासकट फ्रेम, चेनव्हील आणि क्रँक एसटीच्या पार्सलने पाठवायचं ठरलं, भोक पाडूनच. त्याचे पैसे मी लावले नाहीत.

दुपारी भाकरी आणि अर्धा तास डुलकी.

तीननंतर चाकांचा आऊट काढत बसतो. सहा वाजता क्लासवरून पोरं येतात, आणि प्रत्येकाला डिस्क ब्रेक, जाड टायर, एकवीस गिअर हवेत. त्यांच्या दोन वर्षांच्या गिअर सायकली मी फार कमी भावात घेतो, म्हणून आईबाप चिडतात. पण काय घेऊ? डिरेलरचा हुक वाकलेला, प्रत्येक मॉडेलचा वेगळा आणि कुठे मिळत नाही. स्वस्त शॉकअपचा चिमटा खुळखुळा झालेला. त्या सायकलीतून विकण्याजोगं फार तर सीट आणि पायडल निघतात. चाळीस वर्षांच्या काळ्या सायकलीतून निम्मा माल निघतो.

साडेआठला वही लिहून शटर ओढतो. तुमच्या गोठ्यात किंवा माळवदावर अशी काळी सायकल उभी असेल तर किलोवर घालू नका. गंजलेली असली तरी अख्खी आणा, सोबत आधारची झेरॉक्स आणा. आणि कुणाला फिक्स करून न्यायची असेल तर त्याने पुढचा ब्रेक बरोबर आणावा. त्याशिवाय मागचं चाक बसवून मिळणार नाही.