कॉफीची बी आणि कोकणचा पाऊस

जून उजाडला की मंगळुरूकडच्या कॉफीच्या गोदामांत एक उलटाच उद्योग सुरू होतो. तिथे कच्च्या बिया मुद्दाम सादळू देतात. वारा खेळत्या गोदामात बियांचा पातळ थर पसरायचा, तो वरचेवर उलथायचा, मग पोती सैल भरून अशी रचायची की समुद्रावरचा पावसाळी वारा त्यांच्यातून जाईल. तीन-चार महिन्यांत हिरवट बी फुगून फिकट सोनेरी होते, तिच्यातला ओलावा १३-१४ टक्क्यांवर जातो आणि चवीतला आंबटपणा उतरतो. हीच ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला कित्येक महिने लागत, तेव्हा जहाजाच्या दमट पोटात बी आपोआपच अशी होई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि गिऱ्हाइकाला सवयीची चव मिळेना. मग तो दमटपणा किनाऱ्यावरच द्यायला सुरुवात झाली. या कॉफीला आज भौगोलिक मानांकन आहे.

तोच वारा रत्नागिरीतही वाहतो. पण आपल्या घरात येते ती भाजलेली बी, आणि तिला हा वारा अजिबात सोसत नाही.

याचं कारण भट्टीत आहे. कच्च्या बीमध्ये १० ते १२ टक्के पाणी असतं. भाजताना ते उडून जातं. पुढे साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी रसायनं तयार होतात. तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आतल्या वाफेच्या आणि वायूच्या दाबाने बी तडतडते आणि फुगते. भट्टीतून निघालेली बी वजनाला साधारण १५ टक्क्यांनी हलकी, आतून सच्छिद्र आणि जवळजवळ कोरडी असते. अशी बी दमट हवेतली वाफ झपाट्याने शोषून घेते.

त्या सूक्ष्म छिद्रांत कार्बन डायऑक्साइडही कोंडलेला असतो. तो हळूहळू बाहेर पडतो, म्हणून चांगल्या पुडीला एक बारीक झडप असते. ती आतला वायू बाहेर सोडते, पण बाहेरची हवा आत घेत नाही. म्हणूनच ‘आजच भाजलेली’ कॉफी सर्वात उत्तम, हा समज खरा नाही. हापूस झाडावरून काढला की थेट पानात येत नाही, आधी आढीत बसतो. तशी भाजलेल्या बीलाही थोडी विश्रांती लागते. अगदी ताजी भाजलेली बी दळून तिच्यावर गरम पाणी ओतलं तर वायूच्या बुडबुड्यांमुळे पाणी कणांपर्यंत नीट पोचत नाही आणि अर्क कमी उतरतो. भाजल्यापासून चार-पाच दिवस ते चार आठवडे, हा बहुतेक बियांचा चांगला काळ.

त्यानंतर प्राणवायूचं काम दिसू लागतं. सुगंधातली नाजूक गंधकयुक्त रसायनं सर्वात आधी विरतात आणि बीमधलं तेल खवट होऊ लागतं. गडद भाजलेल्या बीचं तेल पृष्ठभागावर आलेलं असतं, त्यामुळे ती आणखी लवकर बिघडते. दळल्यावर तर हवेशी संपर्क कितीतरी पटींनी वाढतो. जी घसरण अख्ख्या बीमध्ये आठवडे घेते, ती दळलेल्या कॉफीत दिवसांवर येते. कॅफीन मात्र जागच्या जागी राहतं. शिळी कॉफी झोप उडवते, पण चव देत नाही.

म्हणून विकत घेताना ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ हा मजकूर फारसा उपयोगाचा नाही. भाजल्याची तारीख बघायची. सोबत चिकोरीचं प्रमाणही वाचायचं, कारण कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की कायद्याला पुरतं. मुंबईत माटुंग्याच्या जुन्या दुकानांतून समोर दळून मिळणारी फिल्टर कॉफी अनेकांना माहीत आहे. आता मुंबई-पुण्यात कॉफी भाजून विकणारे छोटे रोस्टरही आहेत, आणि मळ्याचं नाव, बीची जात व भाजल्याची तारीख ते पुडीवर छापतात. पूर्वी बागायतदाराला आपला माल कॉफी मंडळाच्या एकत्रित साठ्यात द्यावा लागे. १९९६ पर्यंत हे बंधन टप्प्याटप्प्याने गेलं, आणि चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यातून थेट बी उचलणं या रोस्टरना शक्य झालं.

रत्नागिरीकराला अशी पुडी पार्सलने मागवता येते. खरी कसोटी ती घरी आल्यावर, कारण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच मागवावी, अख्खीच घ्यावी आणि लागेल तेवढीच दळावी. डबा घट्ट झाकणाचा हवा. फ्रीजमध्ये ठेवायचा मोह टाळावा, कारण थंड डबा दमट स्वयंपाकघरात उघडला की बियांवर लगेच दव धरतं. जास्त दिवस ठेवायचीच असेल तर छोट्या हवाबंद पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि बाहेर काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

भट्टी आपल्या गावात नाही, याने फारसं बिघडत नाही. आठवड्यापूर्वी पुण्यात भाजलेली बी कोपऱ्यावरच्या दुकानात सहा महिने पडून राहिलेल्या पुडीपेक्षा ताजीच असते. विक्रेत्याला प्रश्न एकच विचारायचा: ही भाजली कधी? उत्तर मिळालं नाही, तर पुडी तिथेच ठेवावी.