एका ठोक्याची चौऱ्याहत्तर मिनिटे

गणपती जवळ आले की आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत दरवर्षी एकच वाद रंगतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत खालुबाजा असावा की डीजे? आम्ही शिक्षक एका बाजूला, दहावीची मुले दुसऱ्या बाजूला. खालुबाजा म्हणजे रायगड-रत्नागिरीकडे लग्नात आणि शिमग्यात वाजणारा सनई, ढोल आणि टिमकीचा ताफा. तो आम्हाला आपला वाटतो. डीजे म्हणजे नुसता गोंगाट, त्यात संगीत कुठले, असे मीही बरीच वर्षे म्हणत आलो.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. दहावीनंतर काही हंगाम तो लग्ना-मिरवणुकांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करण्याचे काम करीत होता. त्याने पेनड्राइव्हवर एक आल्बम आणला होता, जुन्या सीडीवरून उतरवलेला. ‘डार्क ट्राइबल हाउस’ या प्रकारच्या अनेक रचना एका डीजेने एकमेकींत गुंफून केलेले सलग ७४ मिनिटांचे वादन. मध्ये कुठेही थांबा नाही, शब्द जवळजवळ नाहीत, गुणगुणावी अशी चाल नाही. ढोलांवर ढोल. मी दहा मिनिटांत बंद केले. म्हटले, “अरे, हे सगळे एकच वाजते आहे.” तो म्हणाला, “सर, तुम्ही गाण्याची वाट बघताय. ठोका मोजा.”

मोजला, आणि त्यातून हा लेख निघाला.

आधी शब्दांचे पाहू. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवरची भिंत, पण मुळात डीजे हा माणूस: डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा. ‘हाउस’ हे नाव अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहावरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते १९७७ साली सुरू झाले आणि फ्रँकी नकल्स (१९५५–२०१४) तिथे तबकड्या वाजवीत असे. ‘डार्क’ म्हणजे अंधारे: खालचे स्वर जास्त, लांबत जाणारे प्रतिध्वनी, आणि वरचे चमकदार आवाज मुद्दाम दाबलेले. ‘ट्राइबल’ या शब्दाशी मात्र माझे भांडण आहे. या संगीतात आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकी धाटणीचे चर्मवाद्यांचे थर असतात, म्हणून व्यापाऱ्यांनी चिकटवलेली ती चिठ्ठी आहे. आमच्याकडे कातकरी आणि ठाकर राहतात. त्यांच्या वादनाशी या आल्बमचा काही संबंध नाही. आफ्रिकेचेच नाते शोधायचे तर आमच्या किनाऱ्यावर ते जुने आहे. मुरूडसमोरचा जंजिरा सिद्दींचा, आणि त्यांचे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकले. गुजरातेतले सिद्दी आजही ढोलांच्या तालावर नाचतात त्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिली आणि तिच्या भगिनीभाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि नाचसुद्धा.

आता ठोका. या प्रकारच्या संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात. १२५ धरले तर दोन ठोक्यांत ०.४८ सेकंदाचे अंतर, आणि ७४ मिनिटांत ९,२५० ठोके. हे सर्व ठोके जवळजवळ सारखे असतील तर कंटाळा यायला हवा. तो का येत नाही?

कारण आपला मेंदू ठोका नुसता ऐकत नाही, तो पुढचा ठोका आधीच ठरवून ठेवतो. हे शिकवावे लागत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या विद्युत्‌लहरींत त्या क्षणी फरक दिसला. जे वाजलेच नाही त्याची नोंद मेंदूने घेतली होती! मोठ्या माणसांत तर हातपाय न हलवता नुसता ठेका ऐकला तरी मेंदूतले हालचालींचे भाग कामाला लागतात. म्हणजे पाय आपोआप हलतो, त्याची तयारी आधीच झालेली असते.

अंदाज तंतोतंत खरा ठरत राहिला तर मेंदूला त्यात काही उरत नाही, आणि सारखा चुकत राहिला तर तो नाद सोडतो. मजा मधल्या पट्ट्यात आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ढोलांचे वेगवेगळे ठेके लोकांना ऐकवले होते. अगदी सरळ आणि अगदी गुंतागुंतीचे ठेके सोडून, बेताने ‘चुकवणाऱ्या’ ठेक्यांनाच नाचावेसे वाटते असे बहुतेकांनी सांगितले.

आमच्या विद्यार्थ्याने मोजायला सांगितले ते यासाठी. बत्तीस ठोके मोजा. बहुतेक वेळा बत्तिसाव्या ठोक्यानंतर काहीतरी बदलते: एखादा ढोल वाढतो, झांज गळते, कुठूनतरी एक हुंकार येतो. १२५च्या गतीला बत्तीस ठोके म्हणजे सुमारे १५.४ सेकंद. आणि मधूनच डीजे मोठा ढोल पूर्ण काढून घेतो. वरचे सगळे चालू, खालची जमीन नाही. आठ ठोके, सोळा ठोके, कधी बत्तीस. ऐकणारा अधांतरी. मग ढोल परत येतो आणि नाचणाऱ्यांत आरोळी उठते.

मला हे ओळखीचे वाटले, आणि का ते कळायला दोन दिवस लागले. आपल्या तीनतालात नेमके हेच आहे. सोळा मात्रांच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याची घुमार थांबते, ‘धिन’चा ‘तिन’ होतो, आणि चौदाव्या मात्रेला घुमार परतली की सम जवळ आल्याचे डोळे मिटूनही कळते. या भागाला आपण ‘खाली’ म्हणतो. शिकागोच्या वादकाने तीनताल ऐकला असेल असे मला म्हणायचे नाही. खालचा आवाज काढून घेणे ही अंदाजाला ताण देण्याची सोपी युक्ती आहे, ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडावी यात नवल नाही.

ठोक्यांच्या थरांचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. मुलांचे दोन गट करा. तेवढ्याच वेळात पहिल्या गटाने पायाने चार ठोके द्यायचे, दुसऱ्याने तीन टाळ्या वाजवायच्या. सुरुवातीला गोंधळ होतो. मग फळ्यावर बारा घरे आखा (४ आणि ३ यांचा लसावि). पहिले घर शून्य धरले तर पाय पडतो ०, ३, ६, ९ या घरांवर आणि टाळी ०, ४, ८ वर. दोन्ही एकत्र येतात फक्त शून्यावर. एकदा हे जमले की त्या आल्बममधला ‘गोंगाट’ सुटा सुटा ऐकू येऊ लागतो. सहाच्या गटात झुलणाऱ्या कोळीगीतांच्या ठेक्यावर मोठी झालेली आमची मुले हे माझ्यापेक्षा लवकर शिकली. सहाचे दोन तिनांत भाग करा किंवा तीन दोनांत, त्यांना दोन्ही सारखेच.

आणि गुंफण? समजा एक रचना मिनिटाला १२४ ठोक्यांची, दुसरी १२६ची. दोन्ही एकदम सुरू केल्या तर पंधरा सेकंदांत अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो आणि लंगड्या घोड्याच्या टापांसारखा आवाज येतो; तीस सेकंदांत पूर्ण ठोक्याचा फरक पडून त्या पुन्हा जुळतात. म्हणून पहिलीची गती १.६ टक्के वाढवायची. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-१२०० हे तबकडीयंत्र १९७२ साली आणले. त्याच्या १९७९च्या आवृत्तीत गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी होती. तबकडी जोरात फिरवली की स्वरही चढतो. १.६ टक्क्यांना चढ पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जेमतेम पाव हिस्सा, तो सहसा कळत नाही. आता संगणक स्वर न चढवता गती बदलतो. तरी कोणत्या रचनेनंतर कोणती आणि कुठल्या बत्तिशीवर, हे ठरवणे माणसाकडेच राहते.

मग गावात बसलेल्याला ‘सगळे एकच’ का वाटते? इथे आमची, म्हणजे शिक्षकांची, थोडी चूक आहे. मोठ्या ढोलाच्या आवाजात सेकंदाला सुमारे ५५ कंपने असतात. तीस अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. तेव्हा तरंगलांबी ६.३ मीटर, जवळजवळ एका वर्गखोलीएवढी. टिमकी-झांजेतल्या ३,५०० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी मात्र १० सेंटिमीटर. लांब तरंग घरे-भिंतींना वळसा घालून पुढे जातात, आखूड तरंग अडतात आणि हवेतही लवकर शोषले जातात. त्यामुळे अर्धा किलोमीटरवर पोचते ती फक्त धम धम. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असली तर ध्वनी वरून खाली वळतो आणि खाडीपलीकडचा ढोलही उशाशी वाजतो. म्हणजे आम्ही नाके मुरडत होतो ती अर्ध्याच संगीताला. अर्थात झोपलेल्या माणसाला कुणी अर्धे संगीत ऐकवू नये, हेही खरेच.

खालचा आवाज कानाइतकाच अंगाला लागतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच विद्युत्‌संगीताच्या एका जाहीर कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्‌झचे, ऐकूही न येणारे आवाज दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. आवाज चालू असताना लोक सुमारे १२ टक्के अधिक हलत होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला.

ठोक्यावरून ध्वनीचा वेगही मोजता येतो. ओहोटीला अलिबाग किंवा काशीदच्या पुळणीवर एका मुलाने मिनिटाला १२० या गतीने थाळी वाजवायची (गतीसाठी मोबाईलवरचा मेट्रोनोम चालेल). बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहत मागे मागे चालायचे. जवळ असताना हात आणि आवाज जुळतात. साधारण ८७ मीटरवर आवाज बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये येतो, १७५ मीटरच्या आसपास पुन्हा जुळतो. ते अंतर भागिले अर्धा सेकंद म्हणजे ध्वनीचा वेग. वारा असेल तर दोन्ही दिशांना मोजून सरासरी घ्यावी. लांबलचक ढोलपथकात मागची रांग मागे का पडते, हे मुले न सांगता ओळखतात: ३५ मीटरला दशांश सेकंद.

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येतो. पहिल्या दिवशी मी आल्बम मोठ्याने लावू लागलो तर त्याने हात धरला. त्याच्या कानांत सतत शिट्टी वाजते, रात्री जास्त. कामाच्या दिवसांत तो भिंतीच्या पुढ्यात तासन्‌तास उभा राहत असे, कानांत काही न घालता.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी, द्रवाने भरलेली नळी असते. तीत एका कानामागे सुमारे १५ हजार रोमपेशी. शंखाच्या तोंडाशी वरचे आवाज उमटतात, टोकाशी खालचे. मोठ्या आवाजाने सर्वांत आधी इजा होते ती ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे आवाज टिपणाऱ्या पेशींना, भोवतालचा आवाज ढोलाचा असला तरी. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग ‘स’, ‘श’, ‘च’ पुसट होतात, लहान मुलांचे बोलणे कळेनासे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिलेली मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा: ८३ला २० तास, ८६ला १० तास. मुलांना १०० डेसिबलपर्यंत कोष्टक करायला लावा. आठवड्याला वीसेक मिनिटे उरतात. मिरवणूक चालते पाच-सहा तास. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, ती शेजाऱ्याच्या शांततेसाठी. नाचणाऱ्याच्या कानाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एक अडचण खरी आहे. हळू लावले की आपल्या कानाला खालचे आवाज वरच्यांपेक्षा जास्त क्षीण वाटतात, म्हणून हात आवाज वाढवायला जातो. त्यावर सोपा उपाय म्हणजे ध्वनिक्षेपक खोलीच्या कोपऱ्यात ठेवणे. भिंतींमुळे खालचा आवाज भरून येतो. मोबाईल पातेल्यात ठेवण्याची युक्ती इथे चालत नाही, आवाज वाढतो पण ढोल काही वाढत नाही.

गेल्या श्रावणात त्याला दहावीच्या वर्गावर बोलावले. ध्वनिक्षेपक कोपऱ्यात, आवाज बोलण्याइतका. मुले पायाने ठोका धरून होती. तो खिडकीशी उभा राहून बोटांच्या पेरांवर मोजत होता, आणि बत्तिसाव्या ठोक्याला त्याने हात वर केला. त्याच क्षणी झांज आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकीने विचारले, “दादा, तुम्हाला ती ऐकू आली?”

तो म्हणाला, “नाही. मोजली.”