जमीन थांबली, तरी छाती का धडधडते?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपतीचे विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली माणसे दमूनभागून निजली होती. चारच्या सुमारास जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत होत्याचे नव्हते झाले. सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे गेली.

धक्का होता थोड्या सेकंदांचा. पण जी माणसे वाचली त्यांच्यातल्या कित्येकांच्या अंगातला धक्का वर्षानुवर्षे थांबला नाही. पुढे सिमेंटची पक्की घरे मिळाली, तरी छताखाली निजायला मन धजेना. रस्त्याने ट्रक गेला, वाऱ्याने पत्रा वाजला, की छातीत धस्स व्हायचे. या लोकांच्या मनःस्थितीचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने पुढे अभ्यासही झाला. पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ आणि नट डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात मोठा वाटा होता.

वाचक हो, असा धक्का बसायला भूकंपच व्हावा लागतो असे नाही. पुरात गोठा वाहून जातो, शेजारच्या झाडावर वीज पडते, मळणी यंत्रात हात सापडतो, मोटारसायकलचा अपघात होतो, घरातला कर्ता माणूस स्वतःच्या हाताने जीव देतो, एखाद्या बाईला वर्षानुवर्षे मार खावा लागतो. अशा प्रसंगानंतर माणूस बदलला की आपण म्हणतो, “भित्रा झाला,” “नाटक करतो,” नाहीतर “बाहेरचे काहीतरी लागले.” यातले एकही खरे नसते. हा मनावरचा आघात असतो. तो शरीरातही उतरतो आणि योग्य आधार मिळाला तर बराही होतो.

शरीरात काय घडते?

आपल्या मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते. शेतातल्या राखणदाराचे काम ती करते. संकट दिसले की आपण विचार करायच्या आतच ती हाळी देते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात स्राव सोडतात. काळीज जोरात धावते, श्वास वाढतो, हातापायांचे स्नायू ताठ होतात, पोटाचे काम मंदावते. पळायचे किंवा दोन हात करायचे, याची ही तयारी असते. कधीकधी माणूस जागच्या जागी थिजतो, तोंडातून शब्द फुटत नाही. “ओरडली का नाहीस? पळाला का नाहीस?” असे अशा माणसाला कधीही विचारू नये. थिजणे हेही शरीरानेच ठरविलेले असते, त्यात त्याचा दोष नसतो.

संकट गेले की राखणदाराने शांत व्हावयाचे. पण घाव मोठा असला, की तो रात्रंदिवस जागाच राहतो. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे मेंदूचे होते. शिवाय अशा प्रसंगाची आठवण नीट घडी घालून ठेवली जात नाही. “हे झाले आणि संपले” असा शिक्काच तिच्यावर बसत नाही. म्हणून एखादा आवाज, मातीचा वास, रात्रीची ठराविक वेळ एवढ्याने सगळे पुन्हा आताच घडते आहे असे वाटते.

अशा माणसाची झोप उडते, दचकून जाग येते, डोके जड राहते, पोटात खड्डा पडतो, हातापायांना मुंग्या येतात. डॉक्टर छातीची पट्टी काढतात, ती चांगली निघते. मग घरचे म्हणतात, “काही झालेले नाही, उगीच करतो.” पट्टी खरी, पण त्रासही खराच असतो.

ओळखायचे कसे?

चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा समोर येतो. माणूस ती जागा, ती वाट, तो विषय टाळू लागतो. “ते गेले, मीच का राहिलो?” असे स्वतःला दोष देतो, कशात मन रमत नाही. आणि बारीकसारीक आवाजाने दचकतो, चिडतो.

पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे. बहुतेक माणसे आपल्या माणसांत राहून हळूहळू सावरतात. पण महिना उलटला तरी त्रास कमी होत नसेल, कामधंदा, खाणेपिणे, संसार अडू लागला असेल, तर तो आजार समजून डॉक्टरला दाखवावे.

लहान मुले तोंडाने सांगत नाहीत. सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होते, आईचा पदर सुटत नाही, खेळातही तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. त्यांना रागावू नये, जवळ घ्यावे, प्रश्नाला खरे आणि सोपे उत्तर द्यावे. शाळा लवकर सुरू व्हावी. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. शाळेची घंटा, वेळेवर जेवण आणि बरोबरीची मुले यांनी मुलाला पुन्हा ठाव सापडतो.

घरच्यांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अशा वेळच्या प्रथमोपचारावर पुस्तिका काढली. तिचे सार तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. आधी माणूस सुरक्षित आहे ना, पोटात अन्न, अंगावर पांघरूण आहे ना, ते पाहावे. तो बोलेल तेवढे ऐकावे. मग त्याला नातलगांशी, मदतीशी, दवाखान्याशी जोडून द्यावे.

यात एक पथ्य आहे. समाचाराला येणारा प्रत्येक जण “कसे झाले ते सांग” म्हणतो आणि बिचाऱ्याला तीच कहाणी दहा वेळा सांगावी लागते. बळेबळे बोलायला लावल्याने अपायही होतो. उलट “झाले गेले विसर” म्हणून तोंड बंद करणेही बरे नव्हे. तो गप्प असेल तर शेजारी बसून शेंगा निवडाव्या. बोलू लागला तर मधे तोडू नये.

धडधड सुरू झाली की त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसावे. चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सावकाश सोडावा. श्वास सोडणे लांबले की काळजाची गती उतरते. मग समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावी. आपण आज, इथे, सुखरूप आहोत हे त्यामुळे मेंदूला कळते. उठण्या-निजण्याची वेळ ठरलेली असावी. झेपेल तेवढे काम, गुरांचे चारापाणी, संध्याकाळचे भजन, चार माणसांत बसणे, हे सगळे गुणकारी आहे.

दारू मात्र नको. तिने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती झोप मोडकी असते आणि दुसऱ्या दिवशी भीती वाढते. दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्याही नकोत, त्यांची सवय लागते.

देवावर श्रद्धा असावी, तिने धीर येतो. पण भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आधीच घाबरलेल्या जिवाला त्याने दुसरा आघात होतो.

उपचार कसा असतो?

ओढ्याच्या उतारावर एकदा घसरून पडलेला बैल पुन्हा तिथे पाऊल टाकीत नाही. शहाणा शेतकरी त्याला झोडपत नाही. आधी लांबून पाणी दाखवितो, मग उथळ जागी दोन पावले, शेजारी जोडीचा बैल, पाठीवर हात. चार दिवसांनी तो आपणहून ओढा ओलांडतो. जाणकार समुपदेशक हेच करतात. आठवणीकडे आणि टाळलेल्या जागेकडे माणसाला पायरी पायरीने, त्याच्या कलाने नेतात. आठवण पुसली जात नाही, पण ती मागे पडलेली गोष्ट होते. काहींना गोळ्याही लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तेवढे जाणे जमत नसेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनाखर्च फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. जीव देण्याची भाषा कोणी केली तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचा डबा आणि दोर दूर ठेवावा आणि त्याच दिवशी मदत मागावी.

बंधूंनो आणि भगिनींनो, पाय मोडला तर आपण माणसाला खाटेवर घालून दवाखान्यात नेतो, “चाल की” म्हणून हिणवत नाही. मनाच्या मोडलेल्या हाडालाही तेवढाच मान द्या. आपल्या आळीत असा कोणी दचकून जगणारा असेल, तर आज संध्याकाळी दोन घटका त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. औषधाची सुरुवात तिथून होते.