पलटणीचा दहावा हंगाम

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना सुरू होता आणि भारत-इराण २८-२८ वर येऊन अडकले होते. सामना संपायला जेमतेम मिनिट-दीड मिनिट बाकी असताना पवन सेहरावत चढाईला गेला. कोणालाही न शिवता तो लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, उतरला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही उतरले. आता गुण कोणाचे आणि किती? जुना नियम लावायचा की नवा? पंच, अधिकारी, प्रशिक्षक सगळे हुज्जत घालत राहिले. खेळाडू मॅटवर बसून राहिले. तासभर खेळ बंद होता. शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं.

त्या भारतीय संघात नाशिकच्या आडगावचा आकाश शिंदे होता आणि नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार होता. समोरच्या संघात डाव्या कोपऱ्यावर मोहम्मदरेझा शादलू होता. दोन दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणने या शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. परदेशी खेळाडूला तोवर एवढा भाव कधीच आला नव्हता. अस्लम आणि आकाश आधीपासून पलटणचेच. ज्या संघाशी तासभर वाद झाला त्यातलाच एक आता त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये येणार होता. व्यावसायिक खेळात वैर असं हातोहात मिटतं. गावच्या कबड्डीत मात्र दोन मंडळांतलं भांडण पुढच्या पिढीपर्यंत पोचतं!

या लिलावामागे दहा वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फारसा मिरवण्यासारखा नाही. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली तेव्हा आठ संघ होते, आणि पहिल्या हंगामात पलटण आठवी आली. दुसऱ्या हंगामात पुन्हा आठवी. महाराष्ट्राचा दुसरा संघ यू मुंबा तेवढ्या वेळात एकदा उपविजेता आणि एकदा विजेता होऊन बसला होता. पुढे पलटण सावरली, बाद फेरीपर्यंत जाऊ लागली, पण करंडक काही येईना. नावाजलेले खेळाडू यायचे, हंगामभर खेळायचे, जायचे.

फरक पडला तो क्लबने आपली नर्सरी काढल्यावर. पुण्यात गुरुकुल सुरू झालं, ‘युवा पलटण’ नावाचा पोरांचा संघ उभा राहिला. निवड साधी होती. जिल्हा, राज्य आणि कुमार गटाच्या स्पर्धांतून पोरं उचलायची, राहायला-खायला द्यायचं, मॅटवर घासून घ्यायची. अस्लम तिथला. लहानपणी वडील गेले, आईने लोकांच्या शेतात मजुरी केली, त्यानेही पडेल ते काम केलं, आणि २०२१ च्या अखेरीस आठव्या हंगामात तो पलटणकडून मॅटवर उतरला. हरियाणाचा मोहित गोयत त्याच हंगामातला. आकाश, तमिळनाडूचा अबिनेश नादराजन, हरियाणाचाच गौरव खत्री हेही याच वाटेने वर आले. आता यात पुण्याचा कोण, हे शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. पुणेरी पलटणमध्ये पुणेरी असतं ते नाव आणि बालेवाडीच्या प्रेक्षकांचा स्वभाव.

पोरांना असं पोसून खेळवणं आज साधं वाटतं, पण खेळाडूला पैसे द्यावेत की नाही, यावरून इंग्लंडमध्ये एक अख्खा खेळ फुटला होता. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे रग्बी क्लब एकत्र आले आणि जुन्या संघटनेतून बाहेर पडले. तिथले खेळाडू खाणीतले, कापड गिरण्यांतले कामगार. सामन्यासाठी शनिवारची पाळी बुडाली की मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढीच मागणी होती. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना त्यात खेळाचा अपमान दिसला. त्यातून रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा वेगळा खेळ तयार झाला, ऑस्ट्रेलियात जाऊन तो आणखी मोठा झाला. अंगावर येणाऱ्याला धरून खाली आणणं हाच त्याचाही गाभा.

आपल्याकडेही कबड्डीचं माहेर गिरण्यांच्याच सावलीत होतं. लालबाग-परळच्या चाळींत मंडळागणिक संघ होते. पण तिथे फाटाफूट झाली नाही, कारण तोडगा वेगळा निघाला: नोकरी. रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, पोलीस. चांगला चढाईपटू दिसला की कोणीतरी त्याला कामावर लावून घ्यायचं. हजेरी लावायची आणि सरावाला जायचं. पोट भरायचं, पण खेळाचे म्हणून पैसे मिळायचे नाहीत. बक्षिसाचा फ्रिज किंवा सायकल घरी यायची, ती वेगळी. बुवा साळवींसारख्या माणसांनी गावोगाव संघटना बांधून हा खेळ १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत नेला, तरी खेळाडूचा महिना त्या नोकरीवरच चालायचा. २०१४ नंतर हे बदललं. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५ कोटी खर्च करायची मुभा होती. ज्या पोराच्या घरी एकरी हिशेबाशिवाय दुसरा हिशेब माहीत नव्हता, त्याचा भाव टीव्हीवर लाखांत पुकारला जाऊ लागला.

आकाश शिंदेचं आडगाव मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे, आता नाशिक महापालिकेच्या हद्दीत. दहावा हंगाम चालला २ डिसेंबर २०२३ ते १ मार्च २०२४. नाशिककराला हे तीन महिने वेगळ्याच कारणाने पाठ असतात: द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग, थंडीची लाट आली की पहाटे शेकोट्या, आणि फेब्रुवारीत काढणीची धांदल. दिवसभर बागेत राबून रात्री आठला टीव्हीसमोर बसणारी पंचवटी, आडगाव, ओझर, पिंपळगावकडची मंडळी या खेळाचे खरे परीक्षक. ती मैदानी कबड्डी खेळून मोठी झालेली. गुडघे मातीत सोललेले. त्यामुळे टीव्हीवरचा समालोचक ‘काय जबरदस्त पकड’ म्हणून ओरडला तरी ही माणसं हलत नाहीत. पकड कोणी सुरू केली आणि कोणी संपवली, ते बघतात.

आणि पलटणचा हा हंगाम बघायचा तो तसाच. हंगामात सर्वाधिक चढाई-गुण दिल्लीच्या आशू मलिकचे, २७६. चढाईपटूंच्या यादीत पहिल्या पाचात पलटणचा एकही नाही. तरीही साखळीच्या बावीस सामन्यांतून पलटणने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ हरले. ९६ गुणांनी पहिला नंबर. थोडा हिशेब मांडून पाहा. तेव्हा विजयाला ५, बरोबरीला ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर सांत्वनाचा १ गुण मिळायचा. सतरा विजयांचे ८५, तीन बरोबरींचे ९, झाले ९४. उरलेले दोन त्या दोन पराभवांतून आले. म्हणजे तीन महिन्यांत, अहमदाबादपासून पंचकुलापर्यंत बारा शहरांत, या संघाला सातपेक्षा जास्त गुणांनी कोणी हरवलंच नाही. करंडकापेक्षाही मला हा आकडा मोठा वाटतो.

तो आला बचावातून. कोपऱ्यावरच्या माणसाचं काम एकदा नीट बघितलं पाहिजे. चढाईपटूकडे तीस सेकंद असतात. समोर सहा किंवा सात जण असले तर बोनस रेषा ओलांडण्याचा एक गुण असतो, पण तो घेताना मागचा पाय हवेत लागतो. म्हणजे त्या निमिषात तो एका पायावर उभा. कोपरारक्षक त्याच क्षणाची वाट बघत असतो. घोट्यावर हात पडला की मागून मध्यरक्षकाने डॅश मारून त्याला बाहेर लोटायचं किंवा साखळीने घेरून दाबायचं. कोपऱ्याने अर्धा क्षण आधी झेप घेतली तर चढाईपटू वरून उडी मारून निघून जातो, आणि मध्यरक्षक तिथे नसेल तर कोपऱ्याची पकड वाया जाते. चौघांची अशी वीण बसायला वर्षं जातात. गौरव, अबिनेश आणि संकेत सावंत यांची ती आधीच बसलेली होती. शादलू त्या विणीत आला तो तिची शिस्त मोडून: तो वाट बघतच नाही, स्वतः पुढे सरकतो, चढाईपटूला त्याच्याच लयीतून बाहेर काढतो, आणि पकड झाली की मांडीवर थाप मारतो. अशा माणसाला मागून सांभाळून घेणारे तिघे नसते तर त्याची अर्धी झेप हवेत गेली असती. हंगामअखेर त्याच्या नावावर ९९ पकड-गुण होते, लीगमध्ये सर्वाधिक. २ कोटी ३५ लाखांचं श्रेय देताना घरी वाढलेल्या या तिघांचाही हिस्सा बाजूला काढायला हवा.

प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. कर्नाटकचे, अर्जुन पुरस्कार मिळालेले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला त्यांनीच विजेतं केलं होतं. नवव्या हंगामातही ते पलटणकडेच होते, आणि तेव्हाची जखम ओली होती: १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने अंतिम सामना ३३-२९ असा जिंकला होता. तेव्हा कर्णधार इराणचा फजल अत्राचली. बचावाचा बादशहा म्हणावा असा खेळाडू. पुढच्या हंगामाला पलटणने त्याला सोडलं आणि कर्णधारपद चोविशीच्या आतबाहेर असलेल्या अस्लमकडे दिलं. हा निर्णय मला लिलावातल्या बोलीपेक्षा धाडसाचा वाटतो. पैसे लावायला मालक लागतो. उपविजेत्या संघाचा अनुभवी कर्णधार जाऊ देऊन पोरावर भिस्त ठेवायला प्रशिक्षकाचं काळीज लागतं.

पहिलाच सामना पुन्हा जयपूरशी पडला. पलटणने तो ३७-३३ ने घेतला. उपांत्य सामन्यात, २८ फेब्रुवारीला हैदराबादमध्ये, पाटणा पायरेट्स ३७-२१ ने गेले.

अंतिम सामना १ मार्च २०२४, तोही हैदराबादच्या गचिबौलीत, हरियाणा स्टीलर्सशी. तो रंगतदार होता असं म्हणणं खोटेपणाचं होईल. सावध, घट्ट, एकेका गुणासाठी रेटारेटी. दोन्ही संघ बचावावर आलेले, त्यामुळे कोणी पहिली चूक करायला तयार नाही. मध्यंतराच्या तोंडावर मुंबईचा पंकज मोहिते चढाईला गेला आणि एकाच फेरीत चार गुण घेऊन परतला. एवढ्या कमी गुणांच्या सामन्यात चार गुण म्हणजे पारडंच फिरलं. मध्यंतराला १३-१०. समोर हरियाणाचे बचावपटू कमी उरलेले, म्हणून दुसरा डाव सुरू होताच पलटणने लोण चढवला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद केला. हरियाणाकडे आपला नगरचा शिवम पटारे होता, त्याने अंतर कमी करत आणलं. पण वेळ संपला तेव्हा फलक २८-२५ दाखवत होता. पंकजचे नऊ गुण. बक्षीस तीन कोटींचं. शादलू सर्वोत्तम बचावपटू, आणि हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू अस्लम इनामदार. पहिल्या दोन हंगामांत तळाला राहिलेला क्लब दहाव्या हंगामात विजेता झाला.

त्यानंतर जे झालं ते या धंद्याच्या रीतीने झालं. शादलूला पुढच्या लिलावात हरियाणाने नेलं, आणि अकराव्या हंगामात हरियाणा विजेते झाले. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला, पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. त्या वर्षीचा अंतिम सामना होता पुण्यात, बालेवाडीला. पुणेकरांनी तिकिटं काढून दुसऱ्यांचा सामना बघितला. आकाश शिंदेने पुढे बेंगळुरू बुल्सची जर्सी घातली. आडगावात आता कोणाच्या बाजूने बसायचं, हा प्रश्न आहेच. बहुधा दोन्ही बाजूंनी.

बाराव्या हंगामात अस्लम कर्णधार म्हणून परतला, प्रशिक्षक अजय ठाकूर. पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ असं तीन गुणांनी हरली. पलटणकडून सर्वाधिक दहा गुण मिळवले आदित्य शिंदेने. दहाव्या हंगामाच्या वेळी नवोदित म्हणून राखून ठेवलेल्या पोरांपैकी तो एक. शेवटच्या मिनिटात तोच चढाईला गेला आणि दिल्लीच्या कोपरारक्षकाने त्याला धरलं. तो कोपरारक्षक होता फजल अत्राचली.