फाइलचा पत्ता : एक आवश्यक परिचय

शाळांच्या जुन्या प्रवेश-नोंदवह्यांची पाने आता छायाचित्ररूपाने संगणकात साठवली जातात. जात पडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागणाऱ्या विद्यार्थ्याला त्या एका पानाचे मोल फार मोठे असते. परंतु पान संगणकात असणे आणि ते सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सापडण्यासाठी पत्ता लागतो. त्या पत्त्याचा अर्थ लावते ती सॉफ्टवेअर लायब्ररी. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, तर ठरावीक कामासाठी प्रोग्रामकर्त्यांना तयार मिळणारा सूचनासंच होय.

पत्ते मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला फाइलपथ, म्हणजे फोल्डरांतून जाणारी वाट. विंडोजमध्ये ती बहुधा ‘सी:’ अशा ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होते, तर लिनक्समध्ये एकाच मूळ फोल्डरापासून. दुसरा यूआरआय. तो आरंभीच आपला प्रकार सांगतो : ‘एचटीटीपीएस:’ असल्यास इंटरनेटवरील, ‘फाइल:’ असल्यास फाइलव्यवस्थेतील. त्याचे आजचे सर्वसाधारण नियम २००५ च्या आरएफसी ३९८६ या दस्तऐवजात आहेत.

पायथन भाषेतील ‘पाथलिब’ ही लायब्ररी २०१४ साली ३.४ आवृत्तीबरोबर आली. तिच्या नेहमीच्या रीतीत दिलेला मजकूर ती फाइलपथ म्हणूनच वाचते. लिनक्सवर तिला ‘फाइल:’ने सुरू होणारा यूआरआय दिल्यास ती ‘फाइल:’ हे फोल्डराचेच नाव समजते आणि चालू फोल्डरात ते शोधते. फाइल जागेवर असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. यूआरआयवरून पथ घडवण्याची स्वतंत्र सोय तिच्यात २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत आली.

लिपीचाही प्रश्न आहे. यूआरआयमध्ये मोकळी जागा ‘%२०’ अशी, तर देवनागरीतील ‘क’ टक्क्याच्या चिन्हांसह तीन संकेतांत लिहिला जातो. फाइलपथ मानून वाचल्यास ही चिन्हे नावाचाच भाग ठरतात.

म्हणून नोंदी जतन करणाऱ्यांनी सूची व छायाचित्रे एकाच फोल्डरात ठेवावीत आणि सूचीत पत्ते त्या फोल्डरापासून मोजून लिहावेत. ‘डी:’पासून लिहिलेला पत्ता संगणक बदलताच निरुपयोगी ठरू शकतो, सूचीपासून मोजलेला पत्ता मात्र फोल्डराबरोबर प्रवास करतो. अट एवढीच की, तो कोठून मोजायचा हे प्रोग्रामला स्पष्ट सांगितलेले असावे.